तीन माणसे आली, म्हणून मी विचारले नाही

आमच्या गावातून पहिल्यांदा परदेशी निघालेले आईबाप आता माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. मुले नोकरीसाठी लांब गेली; त्यांच्या मागे म्हाताऱ्यांना जावे लागते. मी पारनेर तालुक्यातल्या एका जिरायती गावात राहतो. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सारी नोकरी स्थानकावरच्या खिडकीत बसून इतरांना गाडीत बसवण्यात गेली. विमानात मी दोनदाच बसलो, एकदा जाताना आणि एकदा येताना. तेवढ्यावर गावाने मला जाणकार ठरवले आहे.

येणाऱ्याला मी मोजके सांगतो. पासपोर्ट आणि तिकीट एका पिशवीत ठेवा, ती पिशवी गळ्यात असू द्या. अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत सापडला तर काढून घेतात. पाण्याची बाटली तपासणीआधी रिकामी करा. कमरेचा पट्टा काढायला सांगतील, त्यात अपमान मानू नका. सोडायला आलेला माणूस विमानतळाच्या दारातच थांबतो, त्याला आत येऊ देत नाहीत. त्याला जे विचारायचे असेल ते दाराबाहेर विचारून घ्या. हे शेवटचे मी दोनदा सांगतो. दोनदा का, हे कोणी विचारत नाही. ते इथे लिहितो.

आम्हाला एकच मुलगी. लग्नानंतर ती दुबईला गेली. जावई पुण्याच्या शहरी घरातला, तिकडे एका कंपनीत नोकरीला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आमच्याकडची रीत. पण तिचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले. पासपोर्ट निघाले, व्हिसा आला. तारखेच्या आठ दिवस आधीची तिकिटे माझ्या पुतण्याने काढली. तो तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो. कागदोपत्री सगळे त्याच्याकडे.

त्या महिन्यात संध्याकाळी आमचे अंगण भरलेले असे. शेजारचा माजी सैनिक फौजेच्या विमानात बसलेला, त्यामुळे पहिला मान त्याचा.

"वर गेल्यावर कान बंद व्हत्यात," तो म्हणाला. "घाबरायचं न्हाई. जांभई द्यायची."

"जीव मुठीत धरून बसायचं आन् वर जांभई द्यायची?" माझी पत्नी म्हणाली. "कशी यायची ती?"

"मंग ह्यांच्याकडं बघायचं. आपसूक यील."

"अहो वैनी, खिडकीची जागा मागा," त्याची बायको म्हणाली. "मळमळलं तर बरं."

"इमानाची खिडकी उघडती व्हय?"

"उघडती की," सैनिक म्हणाला. "जादा पैशे घेत्यात तेवढं."

"उघडली तर आधी तुमालाच नेऊन ढकलीन," पत्नी म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो असेन.

ती हसता हसता डिंक तळत होती. बाळंतिणीसाठी लाडू करायला तिने दोन दिवस घेतले. तिकडे सगळे विकत मिळते असे मी एकदा म्हणालो. "डबाबंद खाऊन दूध उतरत न्हाई," एवढेच उत्तर मिळाले.

पुढचे कळण्यासाठी आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. मरणाची बातमी इथे एकटा माणूस आणत नाही. तिघे येतात. उंबऱ्यावर बोलत नाहीत. बसतात, पाणी पितात आणि "तुम्हाला निघावं लागेल" इतकेच म्हणतात. ज्याच्याकडे ते आले तो काही विचारत नाही. विचारले तर त्यांना सांगावे लागेल, आणि कळले तर माणूस वाटेतच कोसळेल. आधी त्याला दारापर्यंत पोहोचवायचे. मग रडण्याचा आवाज त्याला सांगतो. कर्जतच्या स्थानकावर असताना मी स्वतः हे किती वेळा केले याची गणती नाही. फोन येई, अमुक गाडीत अमक्या गावची बाई आहे, तिचा भाऊ गेला. मी गाडी थांबवून तिला उतरवत असे आणि म्हणत असे, "बाई, माघारी जा, घरी बोलावलंय." तिच्या परतीच्या गाडीत मी तिला पुढची जागा देत असे. एकीने माझ्या खिडकीचे गज धरून विचारले होते, "कोन वो?" मी वहीत बघत राहिलो. माझे बरोबर आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही.

आमच्या तिकिटाला दोन आठवडे उरले असताना जावयाचा फोन आला की मुलीला तारखेआधीच दवाखान्यात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात वैरण टाकत होतो. पुतण्या, माजी सैनिक आणि सोसायटीचे जुने चेअरमन, अशी तीन माणसे वाटेने येताना दिसली. मी पेंढी खाली ठेवली.

तिन्ही माणसे आली. बसली. पाणी प्याली.

"काका," पुतण्या म्हणाला, "जावयांच्या मित्राचा फोन हुता. तुमी दोघांनी लगोलग निघायचं. तिकिटं मी उद्याची करून घेतली. इमान दुपारचं हाय."

"बरं," मी म्हणालो.

सैनिक माझ्याकडे न बघता म्हशीकडे बघत होता. चेअरमननी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मुलगी गेली हे मला कळले. मी काही विचारले नाही. स्वयंपाकघरात पत्नी होती, आणि भिंत एका विटेची.

तिला मी सांगितले की मुलीजवळ मदतीला कोणी नाही, म्हणून उद्याच निघायचे. अंगणात रोजच माणसे बसत, त्यामुळे तिघांचे येणे तिला वेगळे वाटले नसावे.

"झाली का ती? पोरगं का पोरगी?"

"तिथं गेल्यावर कळेल."

"फोन लावू का?"

"दवाखान्यात फोन घेऊ देत नाहीत," मी म्हणालो. हे खोटे होते.

आमच्या घरात मोबाईल एकच, आणि तो तिचा. बातमी गावात फुटली होती असे मी धरून चाललो. कोणी ना कोणी नातेवाईक सांत्वनाचा फोन करील आणि ती तिथेच बसकण मारील. मी चार्जिंगला लावतो म्हणून मोबाईल घेतला, बंद केला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. माझ्यापुढे एकच काम उरले होते. आईला मुलीचे तोंड दिसले पाहिजे. आमच्याकडे नातेवाइकांसाठी अंत्यविधी फार तर एक रात्र थांबवतात. तिकडे किती थांबतील हे मला माहीत नव्हते. म्हणून उद्याचे विमान चुकता कामा नये.

पहाटे पुतण्याच्या गाडीने निघालो. आळेफाटा मागे पडला, माळशेज घाट लागला. पत्नी मागच्या जागेवर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तो डिकीत ठेवायला तिने नकार दिला होता.

"फोनवर येवढं तरी इचारायचं व्हतं," ती पुतण्याला म्हणाली. "पोरगं का पोरगी. तुमा बाप्यांना काही म्हनता काही इचारता येत न्हाई."

पुतण्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहत होतो. घाटात तिला गाडी लागली, थांबावे लागले. पुढे ठाण्याजवळ वाहने खोळंबली होती. विमानतळावर पोहोचायला आम्हाला तासभर उशीर झाला.

दारात पुतण्या आमच्या पाया पडला. इथून पुढे त्याला येता येणार नव्हते. एसटीच्या स्थानकावर माणूस शेवटपर्यंत खिडकीशी उभा राहू शकतो, निघत्या गाडीतही डबा देऊ शकतो. इथे काच मध्ये येते. त्याला बाजूला घेऊन विचारायला मला अर्धे मिनिट पुरले असते. पत्नी माझ्या दंडाला धरून उभी होती. मी विचारले नाही.

आत रांग मोठी होती. आमची पाळी आली तेव्हा काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. काउंटरवरची मुलगी मराठी बोलणारी निघाली. तिने आमचे पासपोर्ट घेतले, बॅग वजनाला ठेवून घेतली आणि पत्नीच्या हातातल्या डब्याकडे पाहिले.

"आजी, डब्यात काय आहे?"

"बाळंतिणीचे लाडू हायेत. डिंक, खारीक, खोबरं, खसखस. समदं घरचं."

"खसखस?" तिने हातातले काम थांबवले. "आजी, खसखस तिकडे अजिबात चालत नाही. गुन्हा आहे. विमानतळावरच पकडतात. हा डबा इथंच ठेवावा लागेल."

"खसखशीचा कसला गुन्हा? निजंला बरी असती ती."

"तिथला कायदाच आहे तसा."

"मंग मी निवडून काढते."

"लाडवातून खसखस कशी निवडणार, आजी?"

"त्ये माझं मी बघीन. दोन दिस चुलीम्होरं बसलेय मी."

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "अहो, आवरा लवकर." मुलीने घड्याळाकडे पाहिले आणि मला म्हणाली, "आजोबा, काउंटर बंद होतोय. समजवा त्यांना."

"सोड तो डबा," मी म्हणालो.

"न्हाई सोडत. ती काय खाईल?"

तिने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तिची बोटे सोडवायला गेलो असतो तर सोडवता आली नसती. विमान डोळ्यांसमोर चुकत होते.

"ती खायला राहिलेली नाही," मी म्हणालो.

माणूस पोहोचण्याआधी मरणाची बातमी मी आयुष्यात कोणालाही सांगितली नव्हती. काउंटरवरच्या मुलीने मान खाली घातली. पत्नीने डबा काउंटरवर ठेवला. तिरपे बसलेले झाकण तिने नीट दाबून बसवले. मग माझ्याकडे वळली.

"कवा?"

"ठाऊक नाही."

"कशानं?"

"ठाऊक नाही."

"आन् लेकरू?"

लेकराचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"मंग तुमाला सांगितलं कुनी?"

"तिघे आले होते."

"आले हुते, ठावं हाय. पानी मीच दिलं त्यांना. म्हनले काय?"

"निघायचं, म्हणाले."

"येवढंच?"

"एवढंच."

तिने हात पुढे केला. "फोन द्या माजा."

मी खिशातून काढून दिला. तो बंद असलेला पाहून तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि सुरू केला. पुतण्या अजून दाराबाहेरच होता. तिने त्याला सरळ विचारले, "ताई हाय का गेली? एका शब्दात सांग."

त्याचे बोलणे मलाही ऐकू येत होते. "काकी, मला तसं नक्की कोनीच न्हाई सांगितलं. लगेच पाठवा, येवढंच म्हनला तो मित्र. मला वाटलं... म्हनून मी चेअरमनांना संगं घेतलं. काकांनी पन काही इचारलं न्हाई. मला वाटलं त्यांना कळलंय."

मला वाटले त्याला माहीत आहे. त्याला वाटले मला कळले आहे. आणि बरोबरच्या दोघांनी आमच्या तोंडांकडे बघून तेच खरे धरले.

पत्नीने मुलीचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. जावयाचाही उचलला गेला नाही. काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली, पत्नीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चला आजी, मी येते सोबत." तिने आम्हाला रांगांच्या कडेने, वेगळ्या वाटेने पुढे नेले. स्थानकावर मीही असेच करत असे.

विमानात पत्नीला खिडकीजवळची जागा मिळाली. दार बंद झाले तेव्हा तिला फोन बंद करायला सांगितले गेले. तोवर ती नंबर लावतच होती. वर गेल्यावर कान बंद झाले. खाली समुद्र आहे असे पलीकडच्या प्रवाशाने सांगितले. आम्ही पाहिले नाही.

आदल्या संध्याकाळपासून मी मुलीला मेलेली धरून चाललो होतो, आणि त्या खात्रीवर माझे पाय चालत होते. आता ती खात्री उरली नव्हती. ती जिवंत असेल तर मी तिच्या आईला भर रांगेत काय सांगितले? आणि मेली असेल तर? दोन्हींपैकी कशाची इच्छा धरावी, हे ठरवण्यात एका बापाला अडचण पडू नये. मला पडली. हे मी लपवत नाही.

त्या प्रवासात पत्नी एकदाच बोलली.

"तुमी इचारलं का न्हाई?"

"तशी रीत नाही."

"मी इचारलं आसतं," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केले.

उतरल्यावर सगळे सोपस्कार झाले. कोणी काय विचारले आणि मी काय दाखवले ते आठवत नाही. बाहेर जावई एकटाच उभा होता. दाढी वाढलेली, अंगातला सदरा दोन दिवसांचा. तो पाया पडायला वाकण्याआधीच पत्नीने विचारले, "हाय का?"

त्याने मान हलवली. "तासाभरापूर्वी गेली."

तासाभरापूर्वी आम्ही आकाशात होतो.

"आन् लेकरू?"

"मुलगी आहे. वजन कमी आहे, काचेत ठेवलीय. पण बरी आहे."

मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो फक्त हकीकत सांगत होता. "बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, म्हणून मित्राला तुम्हाला बोलवायला सांगितलं. आज सकाळी ती शुद्धीवर होती, बाबा. चांगली पंधरावीस मिनिटं. आईशी बोलायचंय म्हणाली. मी चार वेळा फोन लावला. बंद लागत होता. मला वाटलं, घाटात रेंज नसेल."

तो शहरातला मुलगा. त्याने जे कळवले त्याचा अर्थ तेवढाच होता. ती आजारी आहे, लगेच या. तीन माणसे चालत आली की काय समजायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

"रेंज होती," मी म्हणालो. "फोन माझ्या खिशात होता. मी बंद करून ठेवला होता."

पत्नीने ते ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "कुठं ठिवलीय?" असे जावयाला विचारून ती त्याच्यापुढे चालू लागली. वाट तिला माहीत नव्हती, तरी पुढे तीच होती.

आईला मुलीचे तोंड दिसले. त्यासाठी मी निघालो होतो, आणि ते काम झाले. तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. मी दारापाशी होतो. काय बोलली ते ऐकू आले नाही, आणि पुढेही मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या स्मशानात दहन झाले. दोन-अडीच महिने राहून, नातीचे कागद झाल्यावर तिला घेऊन आम्ही गावी परतलो. जावई वर्षातून एकदा येतो.

पत्नीने मला दोष दिला नाही. ती भांडली असती तर मला उत्तर तयार करता आले असते. मोबाईल ती आता कमरेच्या पिशवीत ठेवते आणि झोपतानाही काढत नाही. गावात कोणाच्या घराकडे तीन माणसे जाताना दिसली की ती हातातले टाकून मागे जाते आणि उंबऱ्यावरच विचारते, "कोन गेलं? नाव सांगा." लोकांना ते आवडत नाही. माझ्याकडे तक्रार आली. "काकींना जरा आवरा," असे चेअरमन म्हणाले. मी आवरले नाही.

नात आता चार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते. परवा दुपारी अंगणवाडीतून येऊन ती अंगणात खेळत होती, पत्नी दळण निवडत होती, सैनिकाची बायको पायरीवर बसली होती. अंगणवाडीत कोणाची तरी आई घ्यायला आली असावी, पोरीने मध्येच विचारले, "माजी आई कुठं हाय?"

"देवाघरी गेलीया," शेजारीण घाईने म्हणाली. "यील हां. तू शानी झालीस की यील."

"यायची न्हाई," पत्नी म्हणाली. "मेली ती. तू झालीस त्याच्या दुसऱ्या दिशी."

"अहो वैनी!"

"तू व्हतीस का तितं?" पोरीने विचारले.

"न्हाई. मी इमानात व्हते. तिला माझ्यासंगं बोलायचं व्हतं, ते ऱ्हायलं."

"का ऱ्हायलं?"

"ते आजोबांना इचार."

पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शेजारीण उठून निघून गेली. मी तिला सांगितले. तीन माणसे आली ते सांगितले, फोन माझ्या खिशात होता ते सांगितले, तो मी बंद केला होता तेही सांगितले. चार वर्षांच्या मुलीला त्यातले किती कळले, मला माहीत नाही. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"का बंद केला?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

हे वाक्य तोपर्यंत मी कोणाजवळ बोललो नव्हतो. पत्नी सुपातले खडे निवडत होती. तिने मान वर केली नाही.